व्हिडिओ आपला, कमाई दुसऱ्याची : उदगीर परिसरातल्या छोट्या निर्मात्यांनी कॉपीचोरी रोखायची कशी?

उदगीर : देवणी वळूची चांगली जोडी दिसली की व्हिडिओ, सोयाबीनवर चक्रीभुंगा आला की व्हिडिओ, गावात सप्ताह बसला की कीर्तनाचा व्हिडिओ. उदगीर, देवणी, जळकोट, अहमदपूर, तिकडे मुखेड-देगलूर, कुठल्याही तालुक्यात गेलं तरी मोबाइलवर काही ना काही तयार करणारी पोरं सापडतात. कुणी शेतीची माहिती देतं, कुणी आपल्या बोलीत कॉमेडी करतं, कुणी स्पर्धा परीक्षेच्या नोट्स विकतं, तर कुणी स्वतःच्या कवितांचं पुस्तक छापतं.

यातल्या अनेकांची तक्रार एकच. दोन दिवस उन्हात राबून व्हिडिओ करायचा, रात्री जागून एडिट करायचा आणि सकाळी तोच व्हिडिओ दुसऱ्याच पेजवर दिसायचा. लोगो झाकलेला, कडा कापलेल्या, वर दुसऱ्याचं नाव. मूळ व्हिडिओला दोन हजार व्ह्यूज अन् चोरलेल्याला दोन लाख. नोट्सचं तसंच. पहिल्या विद्यार्थ्यानं पैसे देऊन पीडीएफ घेतली की आठवडाभरात ती टेलिग्रामवर फुकट फिरते.

यावर गावात दोन प्रतिक्रिया ऐकू येतात. "जाऊ दे, नेटवर टाकलं म्हणजे सगळ्यांचंच झालं" ही एक, अन् "कोर्टकचेरी करायला आपण काय मोठी कंपनी आहोत का?" ही दुसरी. पहिली प्रतिक्रिया साफ चुकीची आहे. दुसरीत थोडं तथ्य आहे, पण ती पूर्ण खरी नाही. कायदा छोट्या निर्मात्याच्या बाजूनं उभा आहे. अडचण वेळेची आहे, कारण चोरी मिनिटात होते आणि दाद महिन्यांनी मिळते. म्हणून चोरी व्हायच्या आधी काय जमवून ठेवलं आणि झाल्यावर पहिल्या दोन दिवसांत काय केलं, यावरच बहुतेक प्रकरणांचा निकाल लागतो.

मेमरी कार्डापासून टेलिग्रामपर्यंत

कॉपीचोरी गावाला नवी नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी बस स्टँडजवळच्या मोबाइल दुकानात वीस-पन्नास रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळायचं. त्यात गाणी असायची, पिक्चर असायचे अन् कीर्तनंही असायची. भरून देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही त्यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं.

29 एप्रिल 2016 ला 'सैराट' थिएटरमध्ये लागला आणि काही दिवसांतच त्याची कॉपी मोबाइलवर फिरू लागली. सेन्सॉरसाठी दिलेल्या प्रतीचा शिक्का त्यावर असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. तरीही 'सैराट'नं कमाईचे विक्रम केले, कारण तो पडद्यावर बघायला लोक ट्रॅक्टर, टेम्पो करून तालुक्याला गेले. त्यावरून "चोरीनं काही बिघडत नाही" असा अर्थ काढणारेही निघाले. पण मोठ्या बॅनरच्या, गावोगाव नाव पोचलेल्या सिनेमाला जे पचतं, ते पाच जणांनी मिळून केलेल्या वेब सिरीजला पचत नाही. तिचा प्रेक्षकच मुळात मोबाइलवर असतो. तो चोरलेल्या कॉपीकडे वळला की मूळ निर्मात्याच्या हातात काहीच राहत नाही.

बारामती परिसरातून आलेली 'चांडाळ चौकडीच्या करामती' किंवा साताऱ्याकडची 'गावाकडच्या गोष्टी' या मालिकांनी गावातली माणसं, गावाची भाषा घेऊन यूट्यूबवर मोठा प्रेक्षक मिळवता येतो हे दाखवून दिलं. मराठवाड्याच्या बोलीतही हे होऊ शकतं. मात्र पहिले वर्ष-दीड वर्ष टिकायचं तर येणारे थोडे-थोडके पैसे तरी योग्य खिशात पडले पाहिजेत.

मालकी आपोआप मिळते

कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. त्यात 2012 साली मोठे बदल झाले. छोट्या निर्मात्यासाठी त्यातली पहिली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. स्वतः लिहिलं, काढलं, रेकॉर्ड केलं, की त्याच क्षणी हक्क तयार होतो. त्यासाठी कुठे नोंदणी करण्याची सक्ती नाही. व्हिडिओखाली कॉपीराइटचं चिन्ह टाकलं नाही तरी हक्क जात नाही.

नोंदणी ऐच्छिक आहे, पण भांडण झालं तर ती पुरावा म्हणून कामाला येते. केंद्र सरकारच्या कॉपीराइट कार्यालयाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. लेख, कविता, नोट्स यांसारख्या लिखाणाला 500 रुपये, ध्वनिमुद्रणाला 2000 रुपये आणि चित्रपट किंवा व्हिडिओला 5000 रुपये फी आहे. रोजच्या रीलसाठी हा खर्च कुणी करणार नाही आणि करायची गरजही नाही. पण ज्या नोट्सच्या पुस्तकावर घर चालतं, ज्या कवितासंग्रहात आयुष्याची कमाई आहे, त्यासाठी 500 रुपये जड नाहीत.

कायदा 'कलाकार' कुणाला म्हणतो, तेही बघण्यासारखं आहे. त्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक यांच्यासोबत डोंबारी, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारी व्यक्तीसुद्धा आहे. म्हणजे सप्ताहात उभा राहिलेला कीर्तनकार, जत्रेतला शाहीर, गोंधळी, सगळे त्यात बसतात. त्यांचा कार्यक्रम त्यांच्या परवानगीशिवाय रेकॉर्ड करून विकणं किंवा नेटवर टाकणं हा त्यांच्या हक्काचा भंग आहे. हा हक्क 50 वर्षं टिकतो. आपली कीर्तनं परस्पर यूट्यूबवर टाकून पैसे कमावणाऱ्यांबद्दल इंदुरीकर महाराजांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, तेव्हा चर्चा त्यांच्या शब्दांवरच जास्त झाली. खरं तर मूळ प्रश्न प्रत्येक गावातल्या कीर्तनकाराचा होता. कीर्तन त्यांचं, श्रोते त्यांचे, मग जाहिरातीचे पैसे कॅमेरा धरणाऱ्याचेच का?

मालक नेमका कोण?

भांडण बाहेरच्या चोराशी होण्याआधी घरातच होतं, असा अनुभव जास्त. चार गोष्टी आधीच स्पष्ट असायला हव्यात.

पहिली, लग्नाचा व्हिडिओ. पैसे घेऊन फोटो किंवा व्हिडिओ काढून दिला असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्याचा पहिला मालक काम सांगणारा असतो, म्हणजे लग्नघर. फोटोग्राफरनं नवरा-नवरीचा व्हिडिओ आपल्या चॅनलवर टाकायचा असेल तर ऑर्डरच्या पावतीवरच तशी परवानगी लिहून घ्यावी. "आम्ही काढला म्हणून आमचा" हे कायद्यात टिकत नाही.

दुसरी, लोकगीत. जात्यावरच्या ओव्या, भारुड, संतांचे अभंग हे कुणा एकाच्या मालकीचे नाहीत, ते गाण्यापासून कुणी अडवू शकत नाही. पण एखाद्या मंडळानं ते गाऊन केलेलं रेकॉर्डिंग त्या मंडळाचं किंवा ज्यानं रेकॉर्डिंग केलं त्याचं असतं. शेजारच्या गावानं तोच अभंग स्वतः गावा, हरकत नाही. यांचं रेकॉर्डिंग उचलायचं नाही.

तिसरी, मित्रमंडळी. एकानं गोष्ट लिहिली, दुसऱ्यानं कॅमेरा धरला, तिसऱ्यानं काम केलं, चौथ्याच्या नावावर चॅनल. चॅनल चाललं की भांडण ठरलेलं. सुरुवातीलाच एका कागदावर कोणाचा किती वाटा, चॅनलचा पासवर्ड कोणाकडे, कोणी सोडून गेला तर जुन्या व्हिडिओंचं काय, एवढं लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात.

चौथी, कंपनीचा करार. गावातल्या गायकाला कुणी पाच-दहा हजार रुपये देऊन "गाण्याचे सगळे हक्क" लिहून घेतं. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सही करूनच देता येतात, तोंडी नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते. 2012 च्या दुरुस्तीनंतर गाण्याचा गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीचा वाटा मिळण्याचा हक्क आहे, तो सहजासहजी काढून घेता येत नाही. सही करायच्या आधी कागद घरी आणावा, ओळखीच्या वकिलाला दाखवावा, मगच पेन उचलावा.

मोठ्याला यंत्र, लहानाला अर्ज

हक्क सगळ्यांना सारखाच आहे, पण तो बजावायची साधनं सारखी नाहीत. छोट्या निर्मात्याची खरी कोंडी इथे आहे.

यूट्यूबवर 'कंटेंट आयडी' नावाची यंत्रणा आहे. मोठ्या संगीत कंपन्या आणि चित्रपट कंपन्या आपल्या गाण्यांचा-सिनेमांचा ठसा त्यात भरून ठेवतात. कुणी त्याचा तुकडा वापरला की यंत्र आपोआप पकडतं. यूट्यूबच्या स्वतःच्या अहवालांनुसार त्यांच्याकडच्या कॉपीराइट कारवायांपैकी 99 टक्क्यांहून जास्त याच यंत्रातून होतात. बहुतेक वेळा मोठा मालक तो व्हिडिओ काढायलाही लावत नाही, त्यावरच्या जाहिरातींचे पैसे स्वतःकडे वळवून घेतो.

छोट्या चॅनलला हे यंत्र मिळत नाही. कमाई सुरू झालेल्या चॅनलला 'कॉपीराइट मॅच टूल' मिळतं. जसाच्या तसा पुन्हा टाकलेला व्हिडिओ ते शोधून दाखवतं, पण फक्त यूट्यूबवरचा. फेसबुक-इन्स्टाग्रामसाठी 'राइट्स मॅनेजर' आहे, त्याला वेगळा अर्ज करावा लागतो. हे नसेल तर हातानं शोधायचं आणि हातानं फॉर्म भरायचा. त्यातही व्हिडिओ निघतो, पण चोरानं आतापर्यंत कमावलेले पैसे आपल्याकडे येत नाहीत. व्हिडिओ पहिल्या काही दिवसांतच सगळ्यात जास्त चालतो. पंधरा दिवसांनी तो निघाला काय अन् राहिला काय.

सिनेमासाठी सरकारनं वेगळं दार उघडलं. 2023 च्या चित्रपट कायदा दुरुस्तीनं थिएटरमध्ये रेकॉर्डिंग करणं आणि ते पसरवणं यासाठी किमान 3 महिने ते 3 वर्षं कैद आणि किमान 3 लाख रुपये दंड ठेवला. दंड निर्मितीखर्चाच्या 5 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात माहिती व प्रसारण मंत्रालयानं नोडल अधिकारी नेमले आणि तक्रारीनंतर 48 तासांत पायरेटेड सिनेमाची लिंक बंद करण्याची सोय जाहीर केली. सिनेमावाल्यांसाठी हे चांगलंच झालं. पण शेताच्या बांधावर शूट केलेल्या यूट्यूब मालिकेला, नोट्सच्या पीडीएफला किंवा कीर्तनाच्या रेकॉर्डिंगला हे दार नाही.

एका शिक्षिकेनं टेलिग्रामला नमवलं

तरीही एकट्या माणसाला काहीच करता येत नाही, असं नाही. लातूर पॅटर्नच्या या भागात नोट्स, टेस्ट सिरीज, रेकॉर्डेड लेक्चर यांवर अनेक शिक्षकांचं घर चालतं, म्हणून दिल्लीतलं एक प्रकरण इथल्या लोकांनी समजून घेण्यासारखं आहे.

स्पर्धा परीक्षांसाठी इंग्रजी शिकवणाऱ्या नीतू सिंह यांची पुस्तकं आणि लेक्चर टेलिग्रामच्या चॅनलवर परस्पर फिरत होती. एक चॅनल बंद केलं की दुसरं उघडायचं. त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. आम्ही फक्त मध्यस्थ आहोत, सर्व्हर सिंगापूरला आहेत, तिथल्या कायद्यानं वापरकर्त्यांची माहिती देता येत नाही, असं टेलिग्रामचं म्हणणं होतं. 30 ऑगस्ट 2022 ला न्यायालयानं ते फेटाळलं आणि चॅनल चालवणाऱ्यांचे मोबाइल नंबर, आयपी ॲड्रेस वगैरे माहिती बंद पाकिटात द्यायला सांगितलं. नंतर टेलिग्रामनं ती माहिती न्यायालयात दिली.

त्याआधी मे 2020 मध्ये 'दैनिक जागरण'च्या ई-पेपरची पीडीएफ टेलिग्रामवर फिरते म्हणून असंच प्रकरण झालं होतं. तेव्हाही न्यायालयानं चॅनल काढायला आणि चालवणाऱ्यांची माहिती द्यायला सांगितलं. रोज सकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर पेपरची पीडीएफ टाकणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवलेली बरी. टोपणनावामागे लपलेला माणूस कायम लपून राहत नाही.

चोरी दिसली, तर पहिल्या दोन दिवसांत काय?

रागाच्या भरात चोराच्या पेजवर शिव्या लिहिल्या की तो व्हिडिओ डिलीट करतो किंवा ब्लॉक करतो, आणि पुरावा जातो. त्यामुळे क्रम महत्त्वाचा.

एक : आधी पुरावा. चोरलेल्या पोस्टची पूर्ण लिंक, पेजचं नाव, तारीख, वेळ, व्ह्यूज दिसतील असे स्क्रीनशॉट घ्यावेत. शक्य असल्यास स्क्रीन रेकॉर्डिंगही करावं.

दोन : आपला पुरावा. मूळ, न कापलेली क्लिप, ज्या मोबाइलवर किंवा कार्डवर शूट झालं ते, एडिटिंगची फाइल, नोट्स असतील तर कच्चं लिखाण. व्हॉट्सॲपवरून आलेली क्लिप मूळ धरली जात नाही. म्हणून व्हिडिओ अपलोड झाला की मूळ फाइल डिलीट करायची सवय सोडावी. एक हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह त्यासाठीच ठेवावा.

तीन : प्लॅटफॉर्मचा फॉर्म. साधं 'रिपोर्ट' बटण दाबून भागत नाही, कॉपीराइटचा वेगळा फॉर्म असतो, तोच भरावा. त्यात खरं नाव द्यावं लागतं आणि ते समोरच्याला दिसू शकतं. यूट्यूबवर 90 दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनल बंद होऊ शकतं. म्हणून चोर घाबरतो आणि बऱ्याचदा इथेच मिटतं. समोरच्यानं उलट दावा केला, तर मात्र ठरलेल्या दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा द्यावा लागतो.

चार : लेखी नोटीस. फॉर्मनं काम झालं नाही तर 2013 च्या कॉपीराइट नियमांतला 75 वा नियम आहे. कंपनीला लेखी तक्रार मिळाली की 36 तासांत ती लिंक 21 दिवसांसाठी बंद करायची असते. पण तक्रारदारालाही त्या 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आणण्याची हमी लिहून द्यावी लागते. आदेश आला नाही तर लिंक पुन्हा सुरू होऊ शकते. रोजंदारी सांभाळून व्हिडिओ करणाऱ्याला 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आणणं किती अवघड, हे सांगायला नको. नियम लहान माणसासाठी कुठे अडतो, तो हा.

खोटी तक्रार मात्र करू नये. दुसऱ्याला विनाकारण धमकावलं तर त्याला कोर्टात जाऊन भरपाई मागता येते. आपलं चॅनलही त्यात अडकू शकतं.

ठाणं आणि कोर्ट

जाणूनबुजून केलेल्या कॉपीराइट भंगाला कलम 63 नुसार 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. नफ्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं 20 मे 2022 ला निट प्रो इंटरनॅशनलच्या प्रकरणात स्पष्ट केलं. म्हणजे गुन्हा नोंदवायला आधी कोर्टाची परवानगी लागत नाही. चोरीच्या प्रती जप्त करण्याचा अधिकार पोलीस उपनिरीक्षक आणि त्यावरच्या अधिकाऱ्याला आहे. ठाण्यात "हे आमच्याकडे येत नाही" असं उत्तर मिळालं, तर लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि कलमाचा उल्लेख करावा.

दिवाणी दाव्यासाठी कायद्यानं एक मोठी सोय ठेवली आहे. चोर मुंबईत असो, बीदरला असो की हैदराबादला, निर्माता स्वतः जिथे राहतो किंवा काम करतो, त्या भागातल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. सीमेवरच्या उदगीरसाठी ही सोय फार मोलाची आहे.

मोबाइलमधला पुरावा कोर्टात द्यायचा तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यात फाइलचा 'हॅश' म्हणजे तिच्या अंगठ्याच्या ठशासारखा क्रमांक लिहावा लागतो. वकील ते करून देतात. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जाता येतं. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी 15100 ही हेल्पलाइन आहे.

आधी आपलं अंगण

एक कडू गोष्ट बोलायलाच हवी. चोरी झाली म्हणून ओरडणाऱ्या अनेक चॅनलवर मागे सिनेमाचं गाणं वाजत असतं, बातमीत दुसऱ्या वाहिनीचा व्हिडिओ असतो, थंबनेलवर गुगलवरून उचललेला फोटो असतो. अशा चॅनलनं तक्रार केली की समोरचा हेच दाखवतो, आणि तक्रार लंगडी पडते.

मे 2025 मध्ये एएनआय वृत्तसंस्थेचे काही सेकंदांचे तुकडे वापरले म्हणून यूट्यूबरांना स्ट्राइक आल्याचं प्रकरण देशभर गाजलं. स्ट्राइक मागे घ्यायला लाखो रुपये मागितल्याचा आरोप मोहक मंगल या यूट्यूबरनं केला. एएनआयनं आपण फक्त आपला हक्क बजावत असल्याची बाजू मांडली आणि मंगल यांच्यावर दिल्ली उच्च न्यायालयात बदनामीचा दावा लावला. कोण बरोबर हा वाद वेगळा. तालुक्याच्या बातम्या देणाऱ्या छोट्या चॅनलनं घ्यायचा धडा सरळ आहे. स्वतःचं फुटेज वापरावं, यूट्यूबच्या मोफत ऑडिओ लायब्ररीतलं संगीत घ्यावं. गावातला हलगीवाला, संबळवाला बोलावून त्याला मानधन देऊन दोन तास रेकॉर्डिंग केलं तर वर्षभराचं संगीत होतं, ते आपलं असतं आणि त्याला मराठवाड्याचा वासही असतो.

चोराला जे नेता येत नाही

एवढं करूनही चोरी पूर्ण थांबणार नाही. व्हॉट्सॲपवर आतल्या आत काय फिरतं, ते बाहेरून दिसतच नाही. म्हणून धंदाच असा बसवावा लागेल की कॉपी गेली तरी कणा मोडणार नाही.

लोगो कोपऱ्यात ठेवला की कापता येतो. तो मधोमध, फिकट ठेवावा. त्याहून चांगलं म्हणजे बोलताना दर दोन-तीन मिनिटांनी चॅनलचं आणि गावाचं नाव तोंडात यावं, म्हणजे चोरलेला व्हिडिओही आपलीच जाहिरात करतो. नोट्सच्या पीडीएफवर प्रत्येक पानावर विकत घेणाऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर छापून द्यावा. फुटली तर कुठून फुटली ते कळतं, आणि स्वतःचं नाव असलेली फाइल कुणी सहसा पुढे ढकलत नाही.

शिक्षकानं नुसती पीडीएफ विकू नये. दर रविवारची टेस्ट, शंका विचारण्याचा तास, पेपर तपासून देणं याला पैसे घ्यावेत. शेतीचा व्हिडिओ फुकट फिरला तरी शेतावर येऊन दिलेला सल्ला फिरत नाही. कवीनं पुस्तक सही करून, वाचनाच्या कार्यक्रमात विकावं. एप्रिल 2022 मध्ये भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखालचं 95 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरलाच झालं. इथे शब्दाचा मान ठेवणारा वाचक आहे. तो पुस्तकाला पैसे देतो, फक्त त्याच्यापर्यंत पुस्तक पोचलं पाहिजे.

आणि एकेकट्यानं लढण्यापेक्षा दहा-पंधरा जणांनी मिळून गट करावा. कुणाचा व्हिडिओ चोरीला गेला की बाकीच्यांनी लिंक शोधून द्यायची, फॉर्म भरायला मदत करायची, वकील एकच ठेवायचा. दूध संघ चालवणाऱ्या, बचत गट सांभाळणाऱ्या या भागाला एकत्र येणं शिकवायची गरज नाही.

फॉरवर्ड करणारा बोट

शेवटी प्रश्न बघणाऱ्याकडे येतो. फुकट सिनेमाच्या नावानं आलेली एपीके फाइल मोबाइलमध्ये टाकली की सिनेमाऐवजी बँक खात्यावर डोळा ठेवणारं ॲप आत शिरू शकतं. पैसे गेले तर लगेच 1930 वर फोन करावा लागतो. फुकटचं असं महागात पडतं.

पण त्याहून मोठं नुकसान हळूहळू होतं. आपल्या बोलीत, आपल्या पिकाबद्दल, आपल्या सणाबद्दल बोलणारा पोरगा वर्षभर राबून कंटाळतो, कॅमेरा विकतो आणि पुण्याला कामाला जातो. त्याच्या जागी मोबाइलवर राहतो तो बाहेरून आलेला, कुठल्याच गावाचा नसलेला मजकूर. मग चक्रीभुंग्यावर उदगीरच्या जमिनीचा, इथल्या पावसाचा विचार करून सांगणारं कुणी उरत नाही.

ते टाळायला काही मोठं करावं लागत नाही. व्हिडिओ आवडला तर फाइल डाउनलोड करून पाठवण्याऐवजी मूळ चॅनलची लिंक पाठवायची. ओळखीच्या माणसाचा व्हिडिओ दुसऱ्याच्या पेजवर दिसला तर त्याला लगेच फोन करायचा, शक्यतो त्याच दिवशी.